सव्वीस नंबरची सुई

पडद्याच्या वर्कशॉपात कटिंगच्या टेबलाखाली कधी वाकून बघा. चिंध्या, तुटके दोरे, कुणाच्या तरी शर्टाचं उडालेलं बटण! रोज झाडतात, रोज साठतं. किस्स्यांचं तसंच. मी काही ते गोळा करायला बसत नाही. बसणं हा माझा गुणच नव्हे! चालताना चपलेला दोरा चिकटावा तसे ते मला चिकटतात आणि मग मी ते दुसऱ्याच्या अंगाला चिकटवून पुढे जातो.

मी बाबल. कुडाळच्या बाजूचा, शाळा सहावीपर्यंत. सहावीतसुद्धा मास्तरांच्या खुर्चीला काय लावलं होतं ते इथं सांगत नाही. ओमानात रुसैलला, कारखान्यांच्या वस्तीत, एका पडद्याच्या वर्कशॉपात मी काज-बटण आणि हातशिलाई करायचो. साठीला दोन वर्षं कमी होती तरी ढुंगण खुर्चीला टेकत नव्हतं. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, येता-जाता ओरडायचा, "बाबल, यल्ला, बैठो!" मी म्हणायचो, "इन्शाल्ला!"

तर त्या वर्षी सगळ्या वर्कशॉपात एकाच गोष्टीची लागण झाली होती. सुई. पण आधी आमचे गायकवाड साहेब सांगतो, म्हणजे सुईचं आमच्याकडे काय प्रस्थ होतं ते कळेल.

* * *

गायकवाड साहेब नागपूरचे. मशिनांचे इंजिनीयर. माणूस देवासारखा, पण नियमाला पक्का. आमच्याकडे नियम असा, की मशिनची सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे शोधायचे, साहेबांकडे न्यायचे, साहेब ते चिकटपट्टीनं रजिस्टरात चिकटवणार, तारीख टाकणार, सही घेणार, आणि मगच नवी सुई देणार. तुकडा पडद्यात राहिला आणि हॉटेलातल्या गोऱ्या पाहुण्याला टोचला तर ऑर्डर खलास!

एकदा विलासची सुई तुटली. नेढं सापडलं, मधला भाग सापडला, टोक नाही! काम बंद. सगळे रांगायला लागले. साहेब स्वतः मोठं चुंबक घेऊन फरशीवर फिरवत होते. अर्धा तास गेला. चहा आला. चहा झाला. पुन्हा रांगणं. साहेबांना घाम फुटला.

शेवटी मला दया आली.

"साहेब, ते चुंबक जरा उलटं करा."

उलटं केलं. टोक बुडाला चिकटून बसलेलं!

साहेब माझ्याकडे बघत राहिले. "बाबलराव, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"चहाच्या आधीपासून!"

* * *

आता विलास. विलास आमचा सगळ्यात तरबेज टेलर. हॉटेलचा पडदा त्याच्या मशिनखालून निघाला की इस्त्री लाजायची. पण चाळिशीला टेकला तरी लग्न नाही. एका घरी 'गल्फवाला नको', दुसऱ्या घरी 'टेलर नको', तिसऱ्या घरी दोन्ही नको! बाप लहानपणीच गेलेला, म्हणून वडीलधारा म्हणून मीच. आता ज्याचा वडीलधारा मी, त्याचं लग्न जमणार कसं, हेही बघायला हवं.

मग कुडाळच्या एका शाळेतल्या चित्रकला-शिवणाच्या बाईंचं स्थळ आलं. सुनंदा. तिनं फोटो बघून नाही म्हटलं नाही, म्हणजे आमच्यासाठी वरातच निघाली! एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. विलास फोन कानाला लावणार, तेवढ्यात मी मदत केली. स्पीकर लावला.

"तुम्ही टेलर ना? मग एक सांगा. लिननवर क्रॉस स्टिच करायचं असेल तर सुई कशी निवडाल?"

विलासचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा एका बाईनं त्याला येणारा प्रश्न विचारला होता!

"टोकदार," तो म्हणाला. "एकदम टोकदार. माझ्याकडे अशी सुई आहे की कापडाला कळतसुद्धा नाही!"

पलीकडून आवाज आला, "बरं."

मी लग्न करून चौतीस वर्षं संसार केलाय. बाईचं 'बरं' मला कळतं. हे बरं नव्हतं.

"असं बघा," सुनंदा म्हणाली, "आतापर्यंत नऊ घरांनी माझं भरतकाम उलटंसुलटं करून बघितलंय. पोहे खाऊन गेलेत. आता एकदा मला बघायचंय. लिनन पाठवते, नक्षी पाठवते, दोरे पाठवते. सुई पाठवणार नाही. ती तुम्ही निवडा. सुट्टीवर याल तेव्हा करून आणा. पण स्वतः! मग पुढचं बोलू."

फोन बंद. विलास म्हणाला, "काका, हो म्हणाली की नाही म्हणाली?"

मी म्हटलं, "परीक्षेला बस म्हणाली."

* * *

सुट्टीवरून येणाऱ्या एकाच्या बॅगेतून पार्सल आलं. पांढरं लिनन, हातरुमालापेक्षा मोठं, टेबलक्लॉथपेक्षा लहान. चौकटीच्या कागदावर नक्षी. चार कोपऱ्यांत चार काजू, बोंडासकट, मधून पानांची वेल. काजूबागेतली पोरगी, दुसरं काय काढणार!

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रॉस स्टिच म्हणजे बारक्या फुल्या. लिननवर त्या मोजून घालायच्या. दोन धागे आडवे, दोन उभे, एक फुली. आमच्या कापडात इंचाला अठ्ठावीस धागे. एक धागा चुकला की काजूचा आंबा होतो.

विलासनं आपली लाडकी टोकदार सुई काढली. रेशमाचे दोन पदर ओवायचे, तर नेढं एवढंसं! एक पदर आत, दुसरा बाहेर. जिभेवर ओला केला, मेणावर ओढला, देवाचं नाव घेतलं. गेला एकदाचा. पहिली फुली घातली. सुई दोन धाग्यांच्या मधून जायची ती सरळ धाग्याच्या पोटात घुसली. दुसरी फुली घातली, ती पहिलीच्या दोऱ्याला फाडून वर आली. दहा फुल्या झाल्या आणि कापडाला अशा चुण्या पडल्या, की मी म्हटलं, "विलास, काजू सोड, मनुका म्हणून खपव!"

तो हसला नाही. उठला, दारापर्यंत गेला, परत आला, बसला, परत उठला. त्याला एका जागी बसवेना. आता हा रोग माझा, त्याला कुठून लागला कोण जाणे.

"माणूस बारा वर्षं सुई चालवतो," तो म्हणाला, "आणि त्याला दहा फुल्या येत नाहीत?"

* * *

मग सल्ले सुरू झाले. सल्ल्याला तोटा नाही!

पहिले आमचे कटिंग मास्तर. वेंगुर्ल्याचे. गळ्यात कायम टेप, बोलणं कायम वरच्या पट्टीत. "अरे मेल्या, सुई म्हणजे काय? कापडाक भोक पाडता ती सुई! तुझी टोकदार नाय, म्हणून तसा होता. हेच्यापेक्षा टोकदार घे!" आणि आपल्या डब्यातून त्यांनी अशी सुई काढली, की नुसतं बघून बोटातून रक्त आलं.

विलासनं ती घेतली. कापडाला आणखी सहा भोकं. बोटाला दोन.

तेवढ्यात अर्बाब आला. आमचा अर्बाब हिंदी आमच्यापेक्षा बरी बोलायचा. कापड बघितलं, टोपी काढली. ओमानी माणसाची ती भरतकामाची टोपी, कुम्मा. सगळी बारक्या बारक्या भोकांची नक्षी. "ये देखो! मेरी माँ का हाथ! आठ महिना लगा!" आणि दुसऱ्या दिवशी माणूस खरंच आईच्या डब्यातली सुई घेऊन आला. "ये लो विलास. पूरा ओमान में ऐसा सुई नहीं!"

सुई केसासारखी, टोक विंचवासारखं. टोपीला भोक पाडायचंच असतं, तिथं ती राणी. लिननवर पुन्हा तेच!

पण मालकाच्या आईची सुई. नको म्हणायचं कसं? अर्बाब समोर उभा. सुट्टीच्या कागदावर सही त्याचीच व्हायची होती. विलास घाम पुसत फुल्या घालतोय, सुई धागे फाडतेय, आणि अर्बाब विचारतोय, "कैसा है?"

विलास म्हणाला, "फर्स्ट क्लास, अर्बाब!"

अर्बाब खूश. म्हणाला, "तो फिर छुट्टी का जल्दी क्या है? आराम से बनाओ!"

सुट्टी एक महिना पुढे गेली!

* * *

आता माझी चूक सांगतो. म्हणजे त्या वेळची पहिली.

विलास पुन्हा एकदा सुई शिव्या देत फेकत होता. मी जाता जाता म्हटलं, "टोकच नडतंय ना? मग टोकच काढून टाक की!" मी गंमत केली होती. पण परीक्षेला बसलेल्या माणसाला गंमत कळत नाही. हा गेला तडक मेंटेनन्सच्या खोलीत, ग्राइंडर चालू केला आणि सुईचं टोक घासून गुळगुळीत!

आणि गंमत काय सांगू? सुई चालली! धाग्याला न टोचता सरकन बाजूनं घसरली आणि बरोबर दोन धाग्यांच्या फटीतून खाली! विलास ओरडला. मास्तर म्हणाले, "ह्या काय भलताच!" माझ्या तोंडून चुकून अक्कल बाहेर पडली होती, मलाच धक्का बसला होता.

पण पूर्ण नाही जमलं. नेढं तेच एवढंसं, दोरा दहा फुल्यांत पिंजायचा. आणि घासलेल्या टोकाला खरखर राहिली होती, ती रेशीम ओढायची.

तेवढ्यात गायकवाड साहेब आले. हातात रजिस्टर. "विलास, हे काय करून राहिले? सुईचं टोक कुठाय?"

"साहेब, ही माझी हाताची सुई. मशिनची नाही."

"सुई ती सुई. वर्कशॉपात टोक गेलं. कुठाय?"

मी काय केलं, ग्राइंडरखालची काळी भुकटी बोटानं गोळा केली, कागदाची पुडी बांधली आणि साहेबांपुढे ठेवली. वाटलं, हसतील. साहेबांनी पुडी उघडली, चुंबक फिरवलं, भुकटी उभी राहिली, मान हलवली, पुडी रजिस्टरात चिकटवली आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'टोक: भुकटी स्वरूपात. पूर्ण मिळाले.'

सही माझी घेतली!

* * *

ही पुडीची गोष्ट साहेबांनी घरी सांगितली आणि वहिनी हसता हसता थांबल्या म्हणे. त्यांना हे काम येत होतं! दोन आठवडे आम्ही अख्ख्या ओमानच्या सुया पालथ्या घातल्या, आणि उत्तर साहेबांच्या हॉलमधल्या सोफ्यावर बसलेलं!

गुरुवारी वहिनी पडद्याचं माप द्यायला आल्या. विलासचं लिनन हातात घेतलं, उजेडाला धरलं. "अगंबाई, किती टोचलंय याला!" म्हणजे जखमीला बघावं तसं.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "कापडाक भोक पाडल्याशिवाय शिलाई व्हतली कशी?"

"मास्तर, लिननला भोक पाडायचंच नसतं. भोक तिथं आहेच. सुईनं ते फक्त शोधायचं."

चाळीस वर्षं भोकं पाडलेला माणूस! त्यांचा चेहरा बघायला हवा होता. टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. मी मास्तरांना टेपाशिवाय तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

वहिनींनी बोटांवर मोजून सांगितलं. टोक बोथट हवं, म्हणजे धागा फाडत नाही. नेढं लांब हवं, म्हणजे दोन पदर सुखानं जातात. आणि जाडी इतकीच, की कापडातून जाताना सुई किंचित जाणवेल, पण मागे भोक सोडणार नाही. "अठ्ठावीस धाग्यांचं लिनन ना? मग सव्वीस नंबर. चोवीसनं निभेल, पण तुम्ही सव्वीसच आणा."

* * *

शुक्रवारी दुपारी कंपनीच्या बसनं मस्कतला, रुवीच्या बाजारात गेलो. विलास, मी आणि मास्तर. विलास बसमध्ये उभाच. रिकामी सीट होती, तरी उभा! सुट्टीला सहा आठवडे उरलेले, कापडावर धड एक पान नाही. मीही उभाच. ड्रायव्हर म्हणाला, "दोनों को क्या हुआ?" मास्तर म्हणाले, "एकाक लगीन, एकाक खाज!"

दुकान सापडलं. लोकर, मणी, रिबिनी, आणि भिंतीवर बोथट सुयांची पाकिटं टांगलेली. अठरापासून सव्वीसपर्यंत.

विलासनं सव्वीसला हात घातला. मास्तरांनी तो हात धरला.

"खुळो की काय तू? मशिनीक सोळा नंबर लावलो तर जीन्स शिवतस! अठरा म्हणजे ताडपत्री! सव्वीस म्हणजे काय तंबू शिवचो हा? वहिनी बाईमाणूस, तेंका मशिनीचा काय कळता? अठरापेक्षा खाली नाय, म्हणून अठरा घे. सगळ्यात बारीक!"

बोलणं बिनतोड! मीसुद्धा मान डोलावली. आमच्या मशिनच्या सुईत नंबर चढला की सुई जाड होते. हातसुईचं नेमकं उलटं असतं, नंबर चढला की सुई बारीक, हे आम्हा तिघांपैकी एकालाही आठवू नये! पाकीट पुठ्ठ्यानं बंद, आत दिसत नाही. अठरा घेतली, ऐटीत बसमध्ये चढलो.

रुसैलला येऊन पाकीट उघडलं. आतून जी सुई निघाली तिनं गोणपाट शिवता आलं असतं! लिननमधून एकदा काढली तर भोकातून पलीकडचा कॅलेंडरचा कागद दिसला.

मास्तरांनी सुई हातात घेतली, खालून वर बघितली आणि म्हणाले, "तंबू छोटो असतलो."

पुढच्या शुक्रवारी सव्वीस आणली. विलासनं पहिली फुली घातली, दुसरी घातली, दहावी घातली. कापड सपाट! उलट बाजू स्वच्छ! त्या दिवशी तो पहिल्यांदा एका जागी दोन तास बसला. मी मात्र त्याच्याभोवती घिरट्या घालत होतो. कुणी शांत बसलं की मला करमत नाही.

* * *

आणि हेच नडलं.

तीन कोपरे झाले, वेल झाली, चौथा काजू राहिला. सुट्टीला पंधरा दिवस. माझ्या डोक्यात किडा वळवळला. दुकानात मी हळूच आणखी एक पाकीट घेतलं होतं. भरतकामाच्या सुया. नेढं तसंच लांब, जाडी तशीच, फक्त टोक तीक्ष्ण! विलासच्या बिस्किटाच्या डब्यातली सव्वीस उचलली, ही ठेवली. म्हटलं, पहिल्याच फुलीला बोंबलेल, आपण हसू, सुई परत देऊ.

तो बोंबललाच नाही! त्याच दिवशी अर्बाबनं सांगितलेलं, की पार दक्षिणेला, माडांच्या सलालाहच्या हॉटेलात पडदे लावायला जायचंय, तिथून परत आलास तर सुट्टी, इन्शाल्ला. विलासचं डोकं त्या 'तर' मध्ये अडकलेलं. परत येणं कधी, सही कधी, तिकीट कधी. बोटं आपोआप चालत होती. मी वाट बघतोय, आता ओरडेल, मग ओरडेल. त्यानं अख्खा काजू पुरा केला, न बघताच कापडाची घडी घातली, ती मास्तरांच्या कपाटात ठेवली आणि सलालाहच्या बसमध्ये बसला.

मी घडी उघडली. माझं हसू जागच्या जागी वाळलं. काजू फाटलेल्या ओठासारखा दिसत होता. मधेच एक धागा सरकलेला, तिथून पुढची प्रत्येक फुली वाकडी.

गंमत माझी आणि लग्न त्याचं!

वहिनींना फोन केला. सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "बाबलभाऊ, आता बसा."

"कुठं?"

"खुर्चीवर!"

बसलो. सहा दिवस, रोज जेवणाच्या सुट्टीत, खिडकीपाशी. वहिनींनी सांगितलं तसं मांडीवर काळं कापड पसरलं, म्हणजे लिननच्या फटी दिसतात. एक एक फुली कात्रीच्या टोकानं उसवली. टोचलेलं रेशीम निघता निघत नाही, त्याचा कापूस होतो. तो चिमट्यानं वेचला. मग सव्वीस नंबर घेऊन भरायला लागलो. अर्ध्यात मोजणी चुकली. उसवलं. पुन्हा भरलं, बोंड बरोबर आलं, बी देठाला चिकटली. उसवलं! पायाला मुंग्या, मानेला गाठ, बाहेर अर्बाब ओरडतोय, "बाबल बैठा है? बीमार है क्या?" मास्तर तर कपाळाला हात लावून बघून गेले. तिसऱ्यांदा भरला तेव्हा काजू काजूसारखा दिसला. सुंदर नव्हता. म्हाताऱ्या हाताचा होता. पण काजू होता.

विलास सलालाहहून आला तो नारळाचं पाणी प्यायलेला, सही मिळालेला, हवेत. घडी उघडलीसुद्धा नाही, तशीच बॅगेत टाकली. मी सांगणार होतो. मग म्हटलं, कशाला?

* * *

आम्हा दोघांना एकदमच सुट्टी मिळाली. कुडाळला सुनंदाच्या घरी विलास, मी आणि आमची बायको गेलो. समोर तिची आत्या, बाजूला सुनंदा. चष्मा, साधी साडी, बोटाला खडूची पांढरी रेघ. पोह्यांचं ताट तिनं आणलं नाही. आत्यानं आणलं.

सगळे पोह्यांकडे बघत होते. मला राहवेना. मी विलासला म्हटलं, "जरा चालून दाखव रे."

आणि तो उठला! पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, परत आला, बसला. आत्याच्या हातातला चमचा पडला. सुनंदानं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते.

मग ती म्हणाली, "आणलंय?"

विलासनं कापड दिलं. तिनं आधी उलटंच केलं. उलट बाजूवर बोट फिरवलं. पहिला कोपरा, पुढे. दुसरा, पुढे. तिसरा, पुढे. विलासचा गुडघा हलत होता, इतका, की माझी खुर्ची हलत होती.

चौथ्या कोपऱ्यावर बोट थांबलं. कापड उजेडाला धरलं, डोळ्याजवळ नेलं.

"हा उसवलाय," ती म्हणाली. "एकदा नाही. निदान दोनदा. पूर्ण."

विलासनं वाकून बघितलं. काजूकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"बाकीचे तीन चांगले झालेत," सुनंदा म्हणाली. "हाताला सफाई आहे. सफाई शिकवता येते, मी रोज चाळीस मुलींना शिकवते. पण बिघडलं ते लपवायचं नाही, उसवून परत बसायचं, परत बिघडलं तर परत बसायचं, हे नाही शिकवता येत." तिनं कापडाची घडी घातली आणि मांडीवर ठेवली. "आत्या, हा कोपरा ज्यानं केला, त्याच्याशी माझी लग्नाला तयारी आहे."

आत्या विलासला म्हणाली, "काय हो? बोला की!"

खोटं बोलता येत नाही विलासला, मेल्याला कधीच आलं नाही. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"उसवायला," तो म्हणाला, "मी कधी कंटाळणार नाही."

सुनंदा हसली. मला आतून इतकी उकळी फुटली होती, की आता तोंडातून काय बाहेर पडेल याचा माझा मलाच भरवसा नव्हता. तेवढ्यात आमच्या बायकोनं हात पुढे करून ते कापड मागितलं. चौथा कोपरा बघितला. चौतीस वर्षं तिनं माझ्या हातचे टाके उशांवर, पिशव्यांवर, पोरांच्या चड्ड्यांवर बघितलेत. कापड तिनं परत केलं, माझ्या मांडीला करकचून चिमटा काढला आणि कानाशी येऊन म्हणाली,

"गप रवा आणि फॉव खावा!"